लोकपालाची खुर्ची रिकामी का राहते?

आजचा दिवस लोकपाल कायद्याची कलमं वाचण्यात गेला. कलम ५ म्हणतं, अध्यक्षांची मुदत संपण्याच्या किमान ३ महिने आधी नव्या नेमणुकीची तयारी सुरू करा. प्रत्यक्षात न्या. पिनाकी चंद्र घोष मे २०२२ मध्ये पायउतार झाले आणि न्या. अजय खानविलकरांनी (हो, आपल्या पुण्याचेच) शपथ घेतली १० मार्च २०२४ला. मधला सगळा काळ प्रभारींवर!

पहिली नेमणूकही मार्च २०१९ची, कायदा होऊन पाच वर्षांनी. सबब काय, तर पाच जणांच्या निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि २०१४च्या लोकसभेत तो नव्हता. मग सगळ्यात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता चालेल, असं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१४ मध्ये आणलं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि रखडलं. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की दुरुस्तीवाचून काही अडत नाही. कलम ४(२) प्रमाणे समितीत जागा रिकामी असली म्हणून नेमणूक अवैध ठरत नाही.

खरी गोम ३ महिन्यांच्या त्या अटीत आहे. ती मोडली तर पुढे काय, हे कलम ५ सांगतच नाही. विधेयक आणायचंच तर त्यावर आणा: मुदत उलटली की शोध समितीने निवड समितीला सुचवलेली नावं जाहीर करणं बंधनकारक.