रोबोट वर्गाचं अपडेट: कुठला त्रास ठेवायचा, कुठला काढायचा

मागच्या पोस्टमध्ये पोरांच्या रोबो कार किटचं अर्धवट सोडलं होतं, त्याचं पुढचं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, मी मूळचा बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं सॉफ्टवेअर लिहिणारा, कित्येक वर्षं जावा, डेटाबेस, रात्री-अपरात्री प्रॉडक्शनचे फोन वगैरे, आता कंपनीत आठवड्याचे मोजकेच दिवस कंत्राटावर काम करतो आणि बाकी वेळ पुण्यातच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पाचवी ते नववीच्या पोरांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतो. आमचे बाबा याला अजून "शिकवण्या" म्हणतात. सोसायटीतली पोरं मला काका म्हणतात, बाहेरून येणारी सर म्हणतात, त्यामुळे एकाच वायरीसाठी दोन्ही हाका एकदम येतात.

यावेळचं मुख्य काम म्हणजे किटमध्ये कुठला त्रास ठेवायचा आणि कुठला काढून टाकायचा हे ठरवणं. नोकरीत आपला सगळा जन्म त्रास लपवण्यात जातो, रिट्राय लावा, टाइमआउट लावा, युजरला काही कळता कामा नये. इथे युजर दहा वर्षांचा आहे आणि त्याला कळलंच पाहिजे. पण म्हणून सगळेच त्रास शिकवण्याच्या लायकीचे असतात असंही नाही, काही त्रास नुसते तास खातात आणि पोरं कंटाळून मोबाइल काढतात.

तास खाणारा पहिला नंबर बॅटरीचा. स्वस्त रोबो कार किटसोबत ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी देतात ना, ती काढूनच टाका. व्होल्ट आहेत पण दम नाही, आतला रेझिस्टन्स इतका की दोन बीओ मोटर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या छोट्या गिअर मोटर, एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि अर्डुइनो, म्हणजे गाडी चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, रीस्टार्ट होतो. पोरांना वाटतं कोड चुकला. मग ती बरोबर असलेला कोड बदलायला लागतात आणि इथे सगळा घोळ सुरू होतो. यावर एक युक्ती चांगली चालली, सेटअप फंक्शनमध्ये बझर एकदा वाजवायचा. सेटअप बोर्ड चालू झाल्यावर एकदाच चालतो, त्यामुळे गाडी निघतानाच पुन्हा टीं वाजलं म्हणजे बोर्ड बंद पडून परत चालू झाला. सहावीतला एक जण कान लावून बसायचा आणि दुसऱ्याच्या गाडीला लांबूनच सांगायचा, "तुझी बॅटरी गेली, कोडला हात लावू नको." प्रॉडक्शनमध्ये असा माणूस मिळाला असता तर माझी किती झोप वाचली असती.

आता सहा एए रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल, १.२ गुणिले ६ म्हणजे ७.२ व्होल्ट. मोटरला वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर चालतो, तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, तरी मोटरला पाचच्या आसपास उरतात आणि बीओ मोटरला तेवढे पुरतात. १८६५० हे लिथियम सेल लावा असं इथल्या बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, मान्य, ताकद जास्त आहे, मी घरच्या प्रोजेक्टला तेच वापरतो. पण पंधरा पोरं, टेबलावर स्क्रू ड्रायव्हर पडलेले, आणि लिथियम? नको. पालकांना एक ठिणगी दिसली की वर्ग बंद.

दुसरं म्हणजे जंपर वायर. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर, सैल झालेली वायर शोधण्यात काहीही शहाणपण मिळत नाही, त्यामुळे पाचवी-सहावीला सरळ अर्डुइनोवर बसणारं सेन्सर शिल्ड दिलं, तीन-तीन पिना एका ओळीत, ग्राउंड आपोआप कॉमन. आठवी-नववीला मात्र ब्रेडबोर्डच, कारण ग्राउंड कॉमन नसलं की सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हा प्रश्न त्यांना पडायला हवा. माल तपकीर गल्लीतूनच आणतो, ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं पण दुकानदार काउंटरवरच मोटर फिरवून दाखवतो, तिचा आवाज ऐकून गिअर तुटलेला कळतो.

आता ठेवलेल्या त्रासांकडे येतो, लिहिण्यासारखं खरं हेच.

एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर तुम्हाला माहीतच आहे. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंद पल्स द्या, तो ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतो, प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ एको पिनवर मायक्रोसेकंदांत मिळतो. नेटवरच्या सगळ्या कोडमध्ये सेंटीमीटर काढायला तो वेळ ५८ ने भागलेला असतो आणि ५८ कुठून आले ते कुणीच सांगत नाही. आम्ही आधी लायब्ररी न घेता, टेप धरून मोजलं. भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवला की ५८० च्या आसपास, २० वर ११६० च्या आसपास, पोरांनी वहीत तक्ता केला आणि ५८ त्यांचा त्यांना सापडला. नववीच्या पोरांना मग आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरून तोच आकडा कागदावर काढायला लावला, जाऊन-येऊन दुप्पट अंतर हे धरायला अर्धी विसरली, त्यांचा २९ आला, मग भांडण, मग पुन्हा टेप. नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनीसाठी १७.२ मीटर अंतर लागतं असं आहेच, त्यावर एकीने विचारलं की मग याला २ सेंटीमीटरवरून कसा ऐकू येतो. प्रश्न एकदम बरोबर. १७.२ मीटर ही आपल्या कानाची अडचण आहे, आपल्याला ०.१ सेकंदाच्या आतले दोन आवाज वेगळे कळत नाहीत, सेन्सरला तेवढं थांबावं लागत नाही.

मग मी काही न सांगता समोर निरनिराळ्या वस्तू ठेवल्या. पुठ्ठा दिसला, स्टीलचा डबा दिसला. क्लबहाउसचा जाड पडदा कधी दिसला, कधी नाही. सोफ्याची उशी जवळजवळ गायब. आणि पुठ्ठाच तिरका धरला की तोही गायब, कारण आवाज दुसरीकडे निघून जातो. एका पोराने आपला स्वेटर अंगात घालून गाडीसमोर उभं राहून पाहिलं, गाडी सरळ येऊन त्याच्या पायावर आदळली, आणि उरलेला तास सगळ्यांना स्वेटरच हवा होता, पुण्याच्या उकाड्यात.

आता सगळ्यात आवडता बग. एक मुलगी गाडी घेऊन बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये गेली आणि परत येऊन म्हणाली, "काका, भिंत मागे आहे म्हणतोय." लॅपटॉपवर अंतर उणे ४७४. तुमच्यातल्या बहुतेकांना लगेच कळलं असेल. तिने वेळेचा व्हेरिएबल इंट, म्हणजे साधा पूर्णांक, घेतला होता, आमच्या अर्डुइनो ऊनो बोर्डवर इंट १६ बिटचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. समोर काहीच नसलं की हा सेन्सर साधारण ३८ मिलिसेकंदांनी वाट पाहणं सोडतो, म्हणजे ३८००० मायक्रोसेकंद, ते इंटमध्ये मावत नाहीत, त्यातून ६५५३६ वजा होऊन उणे २७५३६ उरतात, आणि त्याला ५८ ने भागलं की उणे ४७४. मी "अनसाइन्ड लाँग लिही", म्हणजे मोठा, उणे न होणारा प्रकार घे, म्हणालो असतो तर पाच सेकंदांत विषय संपला असता. तोंडाशी आलं होतं.

त्याऐवजी चार पोरांना एका रांगेत खुर्च्यांवर बसवलं. उजवीकडून १, २, ४, आणि सगळ्यात डावीकडच्याला सांगितलं की तू उणे ८. उभा म्हणजे मोजायचा, बसला म्हणजे नाही. बाकीच्यांनी एक एक वाढवत मोजायचं. सातपर्यंत मस्त चाललं, उजवीकडचे तिघंही उभे. आता आठ म्हटल्यावर तिघंही बसले आणि डावीकडचा एकटा उठला, आणि सगळ्यांनी बेरीज केली तर उणे आठ. दोन सेकंद शांतता आणि मग तीच मुलगी, "म्हणजे अर्डुइनोकडे अशी सोळा मुलं आहेत!" ऊनोवर इंटसाठी अगदी सोळाच. रोबोट बनून स्वतः हालचाल करायची ही कल्पना माझी नाही अर्थात, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी १९६७ मध्ये लोगो भाषा केली, पुढे तिच्यात जमिनीवर फिरणारं कासव आलं, तेव्हापासून पोरांना "तूच कासव हो" म्हणून चालवलं जातंय. खुर्च्यांची रांग तेवढी आमची.

मग टाइमआउट लावला २५००० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सव्वाचार मीटरच्या पुढचं ऐकायचंच नाही. त्यावर नवा तमाशा, गाडी मोकळ्या मैदानात जागची हलेना. एकोचा वेळ मोजणारं पल्सइन फंक्शन टाइमआउट झालं की ० देतं, आणि कोड म्हणतो अंतर २० पेक्षा कमी असेल तर थांब. समोर काहीच नाही म्हणून गाडी थांबलेली! हा मी मुद्दाम ठेवलाय, कारण "माहिती नाही" आणि "शून्य" यातला फरक मी नोकरीत मोठमोठ्या लोकांना समजावताना थकलोय, इथे सातवीतल्या पोराने दोन मिनिटांत इफ टाकून सोडवला.

सर्वोवाला त्रास मात्र फक्त आठवी-नववीसाठी. सेन्सर डावी-उजवीकडे वळवायला सर्वो, म्हणजे ठरावीक कोनात फिरणारी मोटर, लावला आणि एका गटाच्या मोटरींचा वेग बदलणं बंद झालं, हळू चालवायच्या तर चालतच नाहीत. त्यांनी एल२९८एनच्या वेग ठरवणाऱ्या इनेबल पिना ९ आणि १० ला जोडल्या होत्या. ऊनोवर सर्वो लायब्ररी टायमर १, म्हणजे चिपमधलं एक घड्याळ, ताब्यात घेते आणि ९, १० वरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करणारे पल्स, जातं, सर्वो कुठल्याही पिनेला लावला तरी. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण, आपणही वाचत नाही. ऊनोच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये तीनच टायमर आणि त्यावर सगळ्यांचा डोळा, हे मी फळ्यावर काढून दाखवत होतो तर मागून आवाज आला, "म्हणजे रिमोट आजोबांकडे गेला." झालं, यापेक्षा चांगलं मला जमलं नसतं. त्यांनी मोटरी ५ आणि ६ वर नेल्या आणि गाडी चालली. पाचवीच्या किटमध्ये मी पिना आधीच ठरवून दिल्यात, त्यांच्या वाट्याला हा प्रश्न एवढ्यात यायला नको.

पोरांनी कोड चित्रांचे ब्लॉक जोडून करायचा की टेक्स्ट लिहून यावर मागे इथे बरीच हमरीतुमरी झाली होती, माझं मत बदललेलं नाही. सहावीपर्यंत स्क्रॅच आणि मेककोडचे ब्लॉक, त्यात कमीपणा काही नाही, लूप कळला की कळला. पुढे टेक्स्ट, पण व्हेरिएबलची नावं मराठीच, रोमन अक्षरांत अंतर, वेळ, डावीमोटर असं लिहितात, आणि मला कोड रिव्ह्यूला एवढी मजा उभ्या करिअरमध्ये आली नव्हती.

पालकांबद्दल थोडं. सर्टिफिकेट मिळेल का आणि ॲप बनवता येईल का हे दोन प्रश्न ठरलेले, मधल्या काळातल्या कोडिंग क्लासच्या जाहिरातींची कृपा. मी सांगतो सर्टिफिकेट नाही, शेवटच्या रविवारी येऊन गाडी बघा आणि तुमच्या मुलाला विचारा ती का थांबते. काही जण फी विचारून परत येत नाहीत, ठीक आहे. शाळांचंही जरा बघतोय. अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, देशात अशा दहा हजार लॅब झाल्यात आणि २०२५ च्या बजेटमध्ये आणखी ५० हजार जाहीर झाल्या. मी एका शाळेत जाऊन आलो, थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या कव्हरात, किट कपाटात, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. शिक्षक बिचारे चांगले होते, पण पोरांनी काही मोडलं तर हिशेब कोण देणार ही धास्ती. त्यांना म्हटलं मी माझं किट आणतो, मोडलं तर माझं. बघू काय म्हणतात. याउलट आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करून किती वर्षं पोरांच्या हातात दिली, तिथे मोडण्याची भीती मुळातच नव्हती. माझ्या गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आता त्याच वळणावर, ॲक्रिलिक सोडून बॉक्सचा जाड पुठ्ठा आणि केबल टाय. तडा गेला तर पोरं घरून दुसरा पुठ्ठा कापून आणतात.

पुढचं काम लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेषेवरून चालणारी गाडी. ट्रॅकसाठी जुन्या वाढदिवस-शुभेच्छांच्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरतोय, त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप. फ्लेक्स फुकट आणि नेत्यांच्या कृपेने अमर्याद. अडचण अशी की क्लबहाउसला पश्चिमेला मोठ्या खिडक्या आहेत, पाच वाजता उन्हाची तिरीप ट्रॅकवर आली की रेषा ओळखणारे आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर आंधळे होतात, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतंच. पडदे लावू शकतो, पण हा त्रास ठेवण्यातला वाटतोय. आयआर एलईडी बंद करून एकदा वाचायचं, चालू करून एकदा वाचायचं आणि वजाबाकी करायची, हे आठवीच्या पोरांना जमावं. फक्त ते तीन पिनांचे तयार मॉड्यूल एलईडी बंद करू देत नाहीत आणि आउटपुटही नुसतं हो किंवा नाही, त्यामुळे टीसीआरटी५००० हे आयआर सेन्सर सुटे घेऊन स्वतः सोल्डर करावे लागतील. कुणी वर्गासाठी असं बोर्ड केलंय का, रेझिस्टर किती लावले, आणि पाच सेन्सर एका ओळीत ठेवताना मधलं अंतर किती ठेवलं ते सांगा, माझी टेप पाऊण इंची आहे.