एक दिवस उरला होता

मी सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-सेवेची कामं बघणाऱ्या) कारकून आहे. सेवेत असताना कर्मचारी गेला की त्याच्या वारसाला नोकरी देतात ती अनुकंपा, त्या फायली माझ्याच टेबलवर असतात. 2018 सालची गोष्ट आहे, दुपारी एक बाई मुलाला घेऊन आल्या, मुलगा नुकताच बारावी झालेला. नवरा आमच्याच खात्यात शिपाई होता आणि सेवेत असतानाच गेला, तेव्हा पोरगा शाळेत होता. जुन्या ऑफिसने फॅमिली पेन्शनचे कागद बरोबर केले होते पण अनुकंपा म्हणून काही असतं हे कुणी सांगितलंच नाही. शेजारच्या कुणीतरी आता सांगितलं म्हणून त्या आल्या.

मी आधी शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि जन्मतारीख बघून पोटात गोळाच आला. वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असेल तर 18 पूर्ण झाल्यापासून एक वर्षात अर्ज यायला हवा असा तेव्हाचा नियम, आणि या पोराचं ते वर्ष दुसऱ्या दिवशी संपत होतं. मुदतीनंतर अर्ज आला की विलंब माफीचा प्रस्ताव वर विभागाकडे जातो, मग त्रुटी काढा, परत पाठवा, यात घर किती दिवस ताटकळतं ते आम्ही रोज बघतो.

शेजारच्या टेबलवरून आवाज आला, अहो कागद अपुरे आहेत, इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र नाही, त्यांना सगळं घेऊन सोमवारी बोलवा. हे मला अजिबात पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. अर्ज घेणं आणि अर्ज पूर्ण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपुरा असेल तर त्रुटीपत्र द्या ना, पण माणूस दारात उभा असताना अर्ज परत करायचा नाही.

मी पोराला कोरा कागद दिला, म्हटलं बस इथे आणि लिही. वडिलांचं नाव, पद, मृत्यूची तारीख, स्वतःची जन्मतारीख, शिक्षण, गट ड मधल्या, म्हणजे शिपाई वगैरे पदासाठी विनंती. हात थरथरत होता त्याचा, तारीख खोडली तर मी दुसरा कागद दिला कारण खाडाखोडीवर पुढे कुणीतरी नक्की बोट ठेवतं. मग स्वतः आवक शाखेत घेऊन गेलो, नंबर टाकला, तारखेचा शिक्का मारला आणि पोच त्याच्या हातात दिली. ताई, हा कागद जपून ठेवा, म्हटलं, उद्या कुणी मुदत संपली म्हणालं तर हाच दाखवायचा.

त्या म्हणाल्या, म्हणजे आता नोकरी लागली का साहेब? इथे खरं सांगावंच लागतं. अनुकंपा हा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 1994 च्या उमेश कुमार नागपाल प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की कर्ता माणूस गेल्यावर घर सावरावं एवढ्यासाठी ही सवलत आहे. नाव प्रतीक्षासूचीत जातं, सरळसेवेच्या (बढतीने नव्हे, थेट भरतीच्या) रिक्त पदांतला ठराविक टक्काच यातून भरायचे (तेव्हा 10, पुढे 2019 मध्ये 20 झाला), त्यामुळे वर्षं जायची. एकदा एक पद घेतलं की नंतर वरचं पद द्या म्हणता येत नाही. आणि नोकरी लागल्यावर आईला, भावंडांना सांभाळीन असं लिहून द्यावं लागतं. पोरगा लगेच म्हणाला, ते तर मी सांभाळणारच आहे, त्याला लिहून कशाला द्यायचं. मी त्याला सांगितलं, तोपर्यंत कॉलेज सोडू नकोस, पदवी झाली तर स्पर्धा परीक्षेचा रस्ता तुला मोकळाच आहे.

शपथपत्र आणि बाकीचे कागद पुढच्या आठवड्यात आले, टिपणी टाकली, नाव सूचीत लागलं.

पण मला झोंबली ती दुसरीच गोष्ट. कुटुंबाला योजनेची माहिती द्यायची आणि तशी पोच फायलीला लावायची, हे शासन निर्णयात लिहिलेलं ऑफिसचं काम आहे. ते झालं नाही, आणि मुदतीचं घड्याळ मात्र त्या घरावर चालू राहिलं. मग मी आमच्याकडच्या मयत कर्मचाऱ्यांच्या सगळ्या पेन्शन फायली काढल्या, अज्ञान वारसांच्या जन्मतारखा एका वहीत उतरवल्या आणि ज्यांची अठरा जवळ आली होती त्यांच्या घरी साहेबांच्या सहीने रजिस्टर्ड पत्रं पाठवली.