काठ नसलेलं पिल्लू

दुपारी कप विसळताना खिडकीतल्या गमल्याकडे लक्ष गेलं. (कुंडी म्हणावं, कळतं. पण आमच्या इंदुरी तोंडात गमलाच बसलाय.) स्नेक प्लँटच्या बुडाशी माती तडकली होती आणि एक टोक वर आलं होतं. "अहो, पिल्लू आलं!" मी ओरडले. आतून फक्त पंख्याचा आवाज.

मला पिल्लं टाकवत नाहीत. कोरफड तर दर पावसाळ्यात लेकुरवाळी. श्रीखंडाचे डबे, कान तुटलेले कप, सगळे भरलेत. आलेल्या माणसाला वाण दिल्यासारखं एक पिल्लू देते. जागा नाही म्हणणाऱ्याला आधी.

हे वेड रामबागेतल्या वाड्यातलं. मोरपिसाला वहीत पेन्सिलीचा भुगा खाऊ घालून आम्ही दमलो, ते काही व्यायलं नाही. पानफुटीचं पान मात्र गणिताच्या वहीत विसरलं गेलं आणि कडेच्या खाचाखाचांतून मुळं फुटली. गुरुजींनी वही उघडली तेव्हा त्रैराशिकावर बाग.

त्याच भरवशावर शेजारच्या काकूंच्या ओट्यावरच्या स्नेक प्लँटचं एक पान गुपचूप तोडलं. चोरलेलं झाड लागतं म्हणतात. चार-चार बोटांचे तुकडे केले, वरची बाजू वर ठेवून रेतीत खोचले. पावसाळा सरता सरता पिल्लू आलं. नुसतं हिरवं! काकूंच्या झाडाला महेश्वरीसारखा पिवळा काठ, आणि हे बिनकाठाचं. पानातून उगवलेल्यात तो काठ उतरत नाही, मुळाशी फुटलेलं पिल्लूच वेगळं करावं लागतं, हे मला कुठे ठाऊक? काकूंना होतं.

"पान तोडलंस ना गं?" त्यांनी गमल्याकडे बघूनच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुळांसकट एक पिल्लू 'नईदुनिया' पेपरात गुंडाळून दारात. "मागायचं की."

या झाडाला शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सान्सेव्हिएरिया या वंशातून काढून ड्रॅसिना वंशात घातलं. आडनाव बदललं, झाड तिथेच.

काकूंच्या वाड्याच्या जागी आता मल्टी (बहुमजली इमारत) आहे. काकू नाहीत. काल त्यांच्या लेकीचा पुण्याहून फोन होता. आईच्या ओट्यावरचं ते पिवळ्या काठाचं झाड तुझ्याकडे आहे ना, एक पान पाठवशील?

पान कुरियरने सहज गेलं असतं. मी म्हटलं, थांब जरा. वीतभर होऊ दे.