पेम्फिगॉइड जेस्टेशनिस: फॉर्मलिनमध्ये वाया गेलेली बायोप्सी (माझा अनुभव, सांगली)

गरोदरपणात अंगावर पाण्याने भरलेले फोड आले आणि स्किनच्या डॉक्टरांनी "बायोप्सी करू, डीआयएफ पण लागेल" असं सांगितलं (डीआयएफ म्हणजे डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स, कातडीच्या तुकड्याची चमकणाऱ्या रंगाने होणारी तपासणी), तर बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं लक्षात ठेवा. डीआयएफचा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे साध्या बायोप्सीच्या नेहमीच्या द्रावणात, टाकायचा नसतो. माझा टाकला गेला, आणि त्यापायी जे सोसलं त्याचा राग बाळ रांगायला लागलं तरी गेलेला नाही.

सातवा महिना, एप्रिलचं सांगलीतलं ऊन. आधी बेंबीभोवती लाल चट्टे आणि खाज, सगळे म्हणाले पोट ताणलं की होतं असं. मग मांड्या, हात, डोहाळेजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटावरच्या पुरळामुळे वाढवाव्या लागल्या, सासूबाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळीला दिला, शेजारच्या काकू नागीण म्हणाल्या. मग टम्म फुगलेले फोड आले तेव्हा गायनॅकच्या मॅडमनी लगेच स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तोंडात फोड आहेत का ते बघितलं (नव्हते), बेंबीजवळच सुरुवात झाली का ते दोनदा विचारलं. कारण गरोदरपणातली जी साधी खाजरी पुरळ असते ती पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्ये सुरू होते आणि बहुतेक वेळा बेंबी सोडून देते. माझं नेमकं उलटं होतं. नागीण नाही, व्हायरस नाही, कुणाला लागणारा नाही, हे त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, त्याचा घरात फार उपयोग झाला.

पेम्फिगॉइड जेस्टेशनिस हा आजार काय ते मला जसं समजलं तसं सांगते. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारी काही प्रोटीन्स असतात, त्यातलं एक बीपी१८०, त्यालाच कोलॅजेन १७ म्हणतात. हे प्रोटीन वारेतही असतं. वारेत बाळाच्या वडिलांकडून आलेला भाग असतो, आणि आईच्या इम्युन सिस्टिमने एरवी तिकडे दुर्लक्ष करायचं असतं. या आजारात ते बिनसतं, वारेतल्या त्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी बनतात आणि त्याच आईच्या कातडीतल्या बीपी१८० ला जाऊन चिकटतात, असं मानतात. अँटीबॉडी चिकटली की कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या संरक्षक प्रोटीन्सचा गट) जागं होतं, त्यातलं सी-३ तिथे साठतं, इओसिनोफिल नावाच्या पेशी गोळा होतात आणि भाकरी फुगल्यावर पापुद्रा सुटतो तसा कातडीचा वरचा थर सुटून मध्ये पाणी भरतं. डीआयएफ म्हणजे त्या जागेवर साठलेलं सी-३ चमकणाऱ्या रंगाने शोधायचं. दोन थरांच्या सांध्यावर सरळ चमकती रेघ दिसली की निदान पक्कं.

आता मुख्य रामायण.

डॉक्टरांनी दोन तुकडे घेतले. एक फोडाचा, साध्या तपासणीसाठी, फॉर्मलिनच्या डबीत. दुसरा फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, डीआयएफसाठी, सलाईनच्या छोट्या बाटलीत, कारण मिशेल मीडियम नावाचं जे खास द्रावण लागतं ते त्या दिवशी सांगलीत कुठे मिळालं नाही. सलाईनमधला तुकडा साधारण एखादा दिवसच टिकतो, म्हणून हे लगेच गाडी काढून कलेक्शन सेंटरवर गेले. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही बाटल्या घेतल्या, फॉर्म भरला, पावती दिली. फॉर्मवर बायोप्सीचा एकच रकाना, त्यावर टिक. आणि आमच्यामागे, सॅम्पल खराब होऊ नये म्हणे, सलाईनमधला तुकडाही फॉर्मलिनच्या डबीत टाकून दिला. डॉक्टरांची चिठ्ठी त्याच पिशवीत होती, त्यावर डीआयएफ ठळक लिहिलेलं होतं!

हे आम्हाला कळलं कधी, तर रिपोर्टची वाट बघून बघून रोज फोन करून. आज येईल, उद्या येईल, मुंबईला गेलंय, सिस्टिमला दिसत नाही. रात्री खाजेने झोप नाही, पंख्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन बसायचं, पोटाचा टाका ओढतोय, आणि सकाळी पुन्हा तोच फोन. शेवटी रिपोर्ट आला तो साध्या तपासणीचा, कातडीच्या वरच्या थराखाली फोड, इओसिनोफिल भरपूर, खात्रीसाठी डीआयएफ करावे. डीआयएफचं काय विचारलं तर "सॅम्पल योग्य नाही, पुन्हा द्या, चार्ज पुन्हा पडेल". फॉर्मलिनने प्रोटीन असं काही बांधलं जातं की चमकणारा रंग त्याला नीट ओळखू शकत नाही, तो तुकडा डीआयएफसाठी गेलाच. हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती, याचा मला जास्त त्रास झाला. आठव्या महिन्यातल्या बाईच्या अंगाचा तुकडा आहे तो.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मिरजेहून मिशेल मीडियमची बाटली आधी हातात घेतली, मगच कातडीला हात लावला. बाटलीवर मी स्वतः मार्करने "डीआयएफ, फॉर्मलिन नको" लिहिलं आणि लॅब बदलली. सोबत बीपी१८० ची रक्ताची तपासणीही पाठवली, ती साध्या रक्तावर होते, तिला हा बाटलीचा घोळ नाही. सी-३ ची रेघ पॉझिटिव्ह आली तेव्हा मी रडले, आजार कळल्याचा आनंद होतो हे तेव्हा समजलं.

पुढचं सोपं गेलं. तोवर फक्त स्टेरॉइडचं मलम होतं, दुसरा तुकडा घेतल्यावर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू झालं, वजनावर डोस ठरतो, आठवड्याभरात नवे फोड थांबले. साखर आणि ब्लडप्रेशर मात्र सारखं बघावं लागतं. बाळाची वाढ कमी राहू शकते, दिवस आधी भरू शकतात, म्हणून सोनोग्राफी जास्त वेळा. हे राहिलंच सांगायचं, गोळी मनाने बंद करू नका, डिलिव्हरीच्या वेळी हा आजार बहुतेकींचा उसळतो, माझाही उसळला, डोस वाढवून मग हळूहळू कमी केला.

बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, दहातल्या साधारण एका बाळाला थोडे फोड येतात आणि आपोआप जातात. आमच्या पिल्लाच्या मांडीवर थोडे आले होते, डॉक्टरांना माहीत होतं म्हणून त्याला सुया टोचल्या नाहीत. अंगावर पाजलं, गोळी चालू असताना, विचारून. पुढच्या वेळी हा परत येऊ शकतो, बऱ्याचदा पहिल्या वेळेपेक्षा लवकरच्या महिन्यात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही उठू शकतो, तेव्हा गायनॅकना हा रिपोर्ट दाखवल्याशिवाय त्या गोळ्या घेऊ नका.

पहिल्या लॅबला लेखी अर्ज दिलाय, पैसे परत द्या आणि फॉर्मवर डीआयएफचा वेगळा रकाना करा म्हणून. पोच घेतली आहे, उत्तर आलेलं नाही, यांना परत पाठवणार आहे.