घडीघडीला एक नाव

जर्मनीतल्या नाताळाबद्दल नागपूरहून विचारणा होते ती बहुतेक बर्फाची, बाजारांची आणि केकची. मला मात्र सांगायचंय ते कागदाबद्दल.

ड्रेस्डेनला आमच्या मंडळीत आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार असलेला तयारीचा काळ, सुरू झाला की संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये काही जण लांब टेबलाभोवती बसतात. एक जण स्तोत्र वाचतो, मग सगळे कागदाचे तारे करत मनात प्रार्थना करतात. परदेशात आल्यापासून माझी प्रार्थना कोरडी पडत चालली होती. उपासनेतलं सगळं समजायचं, पण आतून काही हलायचं नाही. त्या टेबलाशी बसले आणि हाताला काम मिळाल्यावर मन जागेवर राहिलं.

या भागाला कागदी ताऱ्याची जुनी ओळख आहे. पोलंडच्या सीमेजवळच्या नीस्की गावात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींची वसतिगृहाची शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या मुलांनी भूमितीच्या अभ्यासातून टोकदार तारा घडवला. याच भागातल्या हेर्नहूट गावाच्या नावाने, हेर्नहूटचा तारा म्हणून, तो आता सगळीकडे ओळखतात. त्याला १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी बुडाची टोकं असतात. त्या शाळेत मिशनऱ्यांची मुलं राहत. आईवडील समुद्रापार आणि लेकरं इथे थंडीत. नागपूरला आईला एकटं ठेवून आलेल्या मला त्या मुलांची फार आठवण येते.

आम्ही करतो तो तारा लहान असतो. बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेलच्या नावाने तो ओळखला जातो. चार पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येक मधोमध दुमडायची आणि चारी एकमेकींत अडकवून ओढायच्या. चटईसारखा घट्ट चौकोन तयार होतो. मग एकेक पट्टी उलटी दुमडायची, शेवटची पहिलीच्या खाली सारायची. पुढे टोकं काढायची: आठ सपाट, आठ उभी. उभं टोक काढताना पट्टीला पीळ देऊन ती घडीच्या आत सरकवावी लागते. घाई केली की कागद चुरगळतो. मी एका टोकाला एक नाव घेते. कागद आत सरकेपर्यंत त्या माणसापाशी थांबते, मग पुढचं नाव.

मागच्या डिसेंबरात नागपूरला आले तेव्हा सदर भागातल्या घरी व्हरांड्यात आई आणि शेजारच्या काकूंबरोबर हेच केलं. पतंगी कागद टिकत नाही, फाटतो. आईने सरत्या वर्षाचं कॅलेंडर काढून दिलं. कागद जाड, गुळगुळीत, लांबीला पुरेसा. त्यावर तिच्या अक्षरात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, दवाखान्याची वेळ. ऑगस्टच्या पट्टीवर ‘शुगर’ असं लिहून खाली आकडा होता. फोनवर तिने मला तो कधी सांगितला नव्हता. ती पट्टी मी घेतली, आणि त्या ताऱ्याची सगळी टोकं आईच्या नावाची झाली.

काकूंनी विचारलं, “काहून वो, प्रार्थना गुडघ्यावर करायची सोडून कागद दुमडत बसायचं?” प्रश्न रास्त होता. गुडघ्यावरची प्रार्थना सोडायचीच नाही. पण काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय. शब्द सुचत नसतील त्या दिवशी हात जोडून बसणं मला जड जातं. हात चालत असले की देवासमोर थांबता येतं. काकू ऐकत होत्या, तोवर त्यांचा चौकोन विणून झाला होता. पुण्याला नोकरी शोधणाऱ्या लेकाचं नाव घेऊन त्यांनी पुढची पट्टी दुमडली. तारा झाल्यावर तो त्यालाच पाठवून दिला. तारा ज्याच्यासाठी केला त्याला द्यावा, असं मलाही वाटतं. खिडकीत टांगायला दुसरा करता येतो.

यंदा कुणाला करून बघायचा असेल तर आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. पट्टीची लांबी रुंदीच्या तीसपट हवी, म्हणजे ए-फोर कागद उभा कापला तर एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या बरोबर बसतात. नवशिक्याने कॅलेंडरच्या कागदाच्या दीड सेंटिमीटरच्या, पंचेचाळीस लांबीच्या घ्याव्यात. पट्ट्या शनिवारीच कापून ठेवा, म्हणजे प्रार्थनेला बसल्यावर कात्री शोधायला उठावं लागणार नाही.