आमची वाटचाल : निफाडची कात्री, ब्लेनहाइमची छाटणी

आपल्याकडं द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या, काडी तयार व्हायला एप्रिलची खरड आणि फळासाठी ऑक्टोबरची गोडी. इथं न्यूझीलंडला मार्लबरो भागात, ब्लेनहाइम हे त्यातलं मुख्य शहर, एकच, जून ते ऑगस्ट, वेल पानं गाळून झोपलेली असते तेव्हा. 2004 ला आलो, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वेलीमागं पैशावर काढली आणि 2006 ला स्वतःचं छाटणीचं कंत्राट सुरू केलं. एक जुनी हायएस व्हॅन, सहा माणसं आणि लाल मुठीच्या सात फेल्को, म्हणजे त्या कंपनीच्या छाटणीच्या कात्र्या. निफाडहून आणलेली कात्री पहिल्याच हिवाळ्यात बाद झाली, पण त्या सात फेल्कोतली एक अजून चालतीय, पातं आणि स्प्रिंग किती वेळा बदललं मोजलं नाही, मूठ तीच. बाकी सगळ्यांच्या हातात आता बॅटरीच्या कात्र्या आल्यात, माझ्या खिशात हीच असते.

काम सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाचं, इथं सगळे सॅव्ही म्हणतात. दिवसा कडक ऊन, रात्री समुद्राकडनं गारठा, त्यामुळं आंबटपणा टिकतो आणि वाईनला तो कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो, बायको म्हणते भाजीच उघडली. तर या जातीत काडीच्या बुंध्याजवळच्या डोळ्यांचा, म्हणजे जिथनं फूट आणि घड निघतात त्या कळ्यांचा, भरवसा नाही, म्हणून लांब काडी ठेवायची, दोन्हीकडं दोन-दोन, तारेवर गुंडाळून बांधायची. घरी थॉमसन द्राक्षाचे डोळे लॅबला पाठवून मग कुठं कापायचं ते ठरवायचो, त्यामुळं हे मला लगेच पटलं. नवीन पोरांना एवढंच सांगतो, पुढच्या वर्षीची काडी कुठनं येणार ते बघून मग आजची कापा, खोडाला चिकटून कापू नका, पावसात कापू नका, मोठ्या जखमेला तिथल्या तिथं पेस्ट लावा, खोडाचा रोग तिथनंच आत शिरतो. कुणी विचारलं नाहीये, तरी सांगतो.

आता 2008. आदल्या वर्षी आख्ख्या देशाचं पीक 2 लाख 5 हजार टन होतं, ते एकदम 2 लाख 85 हजारावर गेलं. सगळे खूश, मी पण, कर्ज काढून अजून दोन व्हॅन घेतल्या. पण एवढी वाईन पिणार कोण? कंपन्यांनी बागायतदारांना सांगितलं हेक्टरी एवढंच आणा, जास्तीचं घेणार नाही, आणि दोन-तीन सीझनमध्ये भाव जवळजवळ निम्म्यावर. भाव पडला की पहिली कात्री छाटणीच्या दरावर चालते. एका कंपनीनं, नाव नको, आमचं आख्ख्या हिवाळ्याचं बिल थकवलं आणि मग तिथं रिसीव्हर बसला, म्हणजे कंपनी बुडाली आणि देणी वसूल करायला माणूस नेमला. आधी बँक, मग बाकीचे, आमच्यासारखे सगळ्यात शेवटी, आणि शेवटपर्यंत काही उरत नाही. पोरांचे पगार मी आधीच दिलेले. तेव्हापासनं पंधरा दिवसाला बिल, पैसे आले नाहीत तर सोळाव्या दिवशी व्हॅन निघत नाही. तुम्ही पण तसंच करा.

आणि त्याच हिवाळ्यात माझा सुपरवायझर गेला. आपल्याच भागातला, मीच इथं कामाला लावलेला, पहिला महिना आमच्या घरी जेवला. जाताना चार माणसं आणि माझं दरपत्रक घेऊन गेला आणि माझ्याच गिऱ्हाइकांकडं वेलीमागं 15 सेंट कमी सांगून आला. त्या दरात माणसाला नियमानं पगार बसतच नाही, तो कसा बसवत होता ते त्यालाच माहीत. वर गावाकडं सांगितलं की ह्याचा धंदा बसला. आईचा फोन आला, खरंय का म्हणून.

खरंच होतं, थोडक्यात वाचलो. वाचवलं इथल्या रापौरा गावच्या एका म्हाताऱ्या बागायतदारानं. मी आणि बायको त्यांना आजोबाच म्हणायचो, त्यांना अर्थ सांगितल्यावर खूश झाले होते. 5 हेक्टर बाग, जमीन म्हणजे नदीचे गोटेच. तो सुपरवायझर पण त्यांच्याकडं जाऊन आला होता. ते म्हणाले, स्वस्त छाटणीचा हिशोब पुढच्या वर्षी कळतो, आणि मला निम्मे पैसे आगाऊ दिले, तेही स्वतःचा भाव पडलेला असताना. माणसं ठेवायला पैसा नव्हता म्हणून मी आणि बायको दोघांनीच उरकलं, साधारण 10 हजार वेली, दिवसाला माणशी 70. सकाळी काडीवर बर्फ, ओढली की कानफटात बसायची. शेवटची ओळ झाली तेव्हा पहिल्या ओळीचे डोळे फुगायला लागले होते. आजोबा रोज दहाला थर्मास घेऊन यायचे आणि उगाच चार वेली तपासून जायचे.

पुढची वर्षं चाललं. 2016 च्या भूकंपात वायनऱ्यांच्या टाक्या चेपल्या, आपलं काम तेव्हा उरकलेलं. कोविडमध्ये बॉर्डर बंद, माणसांची बोंब, पण ते सगळ्यांचंच.

आजोबा आता नाहीत. बाग मुलानं एका मोठ्या कंपनीला दिली, नवीन मॅनेजरनं सगळ्यांकडनं कोटेशन मागवलं, त्या जुन्या सुपरवायझरकडनं पण. यंदाही ती बाग आम्हीच छाटली. दर सांगत नाही, तो पण वाचत असेल हे.