तिवोलीचे तिकीट

आज काकांच्या जुन्या अल्बममध्ये डेन्मार्कचे एक टपाल तिकीट पाहायला मिळाले. कोपनहेगनच्या तिवोली बागेला १५० वर्षे झाली म्हणून ते १९९३ मध्ये निघाले होते. काकांनी ते चिमट्याने अलगद उचलून भिंगाखाली धरले, तेव्हा कडेचा एकेक दात शाबूत दिसला. १५ ऑगस्ट १८४३ रोजी (तारीख वाचून मन हरखले) सुरू झालेल्या या बागेतले तळे म्हणजे शहराच्या जुन्या खंदकाचाच उरलेला भाग आहे, आणि तिथल्या १९१४ च्या लाकडी रोलर कोस्टरच्या प्रत्येक गाडीवर आजही ब्रेक लावणारा माणूस बसतो. परतताना आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी मी बराच वेळ थांबलो. सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत पाळणा वर जाताच आईचा हात घट्ट धरलेला आठवला. सोलापूरच्या त्या पाळण्याचेही एक तिकीट निघावे, असे मनापासून वाटते.